सिग्मा ०.०४ की सिग्मा ४? जळगावच्या एका पाइप लाइनवरचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जळगाव एमआयडीसीतल्या एका पीव्हीसी पाइप कारखान्यातून फोन आला. त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने प्रक्रिया क्षमतेचा, म्हणजे लाइन ठरलेल्या मर्यादांत माल कितपत काढू शकते हे सांगणारा, फॉर्म परत पाठवला होता. फॉर्ममध्ये ‘सिग्मा’ नावाचा एक रकाना होता. कारखान्याने त्यात ०.०४ भरलं होतं. गिऱ्हाइकाने त्याला लाल गोल करून शेजारी लिहिलं होतं : किमान ४ हवा.

प्रॉडक्शन मॅनेजरचा प्रश्न सरळ होता. “सर, सिग्मा शंभर पट वाढवायचा कसा? आणि वाढवला तर पाइप तरी राहील का तो?”

त्याची भीती अगदी बरोबर होती. ११० मिमीच्या पाइपचं प्रमाण विचलन, म्हणजे मापं सरासरीभोवती किती पसरतात त्याचा आकडा, खरोखर ४ मिमी झालं, तर पाइप ९८ ते १२२ मिमीपर्यंत कुठेही येतील. एकही पाइप दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये बसणार नाही. गिऱ्हाईक असं काही मागत नाही, हे त्याला कळत होतं. पण मग मागतंय काय, हे फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. अशा रकान्यांबद्दल मला मनापासून राग आहे. त्यांच्यापायी चांगली माणसं स्वतःला अडाणी समजायला लागतात.

गोंधळ शब्दाचा आहे. सिग्मा हे ग्रीक अक्षर संख्याशास्त्रात प्रमाण विचलनासाठी वापरतात. ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ हा शब्द कार्ल पिअर्सनने १८९० च्या दशकात रूढ केला. पुढे १९८६ च्या सुमारास मोटोरोलामध्ये बिल स्मिथ यांनी दोष कमी करण्याची सिक्स सिग्मा पद्धत मांडली आणि तिथून ‘सिग्मा पातळी’ कारखान्यांत आली. बोलताना ‘पातळी’ गळून पडते, उरतो नुसता सिग्मा. एक सिग्मा जितका लहान तितका बरा, दुसरा जितका मोठा तितका बरा. एकाच रकान्यात दोघांना बसवल्यावर जे व्हायचं तेच झालं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे आकड्यामागे एकक लागतं का ते बघणं. ०.०४ मिमी हे प्रमाण विचलन आहे, ते मिलिमीटरमध्येच असतं. ४ ला एकक नाही. ती मोजणी आहे, चार काहीतरी.

चार काय, हे मला लाइनवर सांगावं लागलं. लाइन चालवणारे नाना अमळनेरकडचे, वीस वर्षं एक्स्ट्रूडरवर, म्हणजे वितळलेलं पीव्हीसी दाबून पाइप काढणाऱ्या यंत्रावर. फॉर्म हातात घेऊन म्हणाले, “हाऊ आकडा माले समजत नही, भाऊ. पाइप मात्र समजस.” मी विचारलं, “नाना, शेतात अंतर कशानं मोजता?” म्हणाले, पावलानं. मग तिथेच बोललो. तुम्ही मळ्यात उभे आहात, समोर विहीर आहे, काठ बांधलेला नाही. तुमचं एक पाऊल केवढं, ते प्रमाण विचलन. काठापर्यंत तशी किती पावलं बसतात, ती सिग्मा पातळी. काठ हलला नाही, तुम्हीही हलला नाहीत, पण पाऊल लहान झालं, तर पावलांची संख्या वाढते. पाऊल तेवढंच ठेवून काठापासून लांब सरकलात, तरीही वाढते. आणि दोन्ही बाजूंना विहिरी असतील, तर जवळचा काठ धरायचा.

नाना थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे पाऊल आपलं, काठ गिऱ्हाइकाचा.” मला यापेक्षा नीट व्याख्या देता आली नसती.

आता पाइपकडे येऊ. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपसाठी भारतीय मानक आयएस ४९८५ आहे. ११० मिमी पाइपचा सरासरी बाहेरचा व्यास ११०.० ते ११०.४ मिमीमध्ये असावा लागतो. म्हणजे काठ दोन, त्यांच्यात अंतर ०.४, आणि मधोमध ११०.२. सरासरी व्यास म्हणजे परिघावरून काढलेला व्यास. पाइपभोवती पट्टी गुंडाळून तिच्यावर थेट व्यास वाचायचा, तिला पाय (π) टेप म्हणतात. इथल्या टेपचं लघुत्तम माप ०.०१ मिमी होतं, म्हणजे तिच्यावर भरवसा ठेवता येत होता. व्यास कमी पडला तर पाइप सॉकेटमध्ये ढिला बसतो, सोल्युशन लावूनही जोड नीट धरत नाही, आणि वर्षभराने रावेर-यावलकडच्या एखाद्या केळीच्या बागेत तो जोड पाझरायला लागतो. शेतकऱ्याला सिग्मा माहीत नसतो, त्याला ओला खड्डा दिसतो.

मग ०.०४ कुठून आलं? मॅनेजरने एका सकाळी सलग ३० पाइप मोजले होते आणि एक्सेलला प्रमाण विचलन विचारलं होतं. उत्तर बरोबर होतं. पण ते एका सकाळचं होतं.

मी फॉर्म बाजूला ठेवून नवं मोजमाप मागितलं : दर दोन तासांनी सलग पाच पाइप, असे २५ गट, एकूण १२५ पाइप. पूर्ण दोन दिवस, दिवसपाळी-रात्रपाळी सगळं धरून. एक अट घातली. प्रत्येक पाइपवर खडूने गट आणि क्रमांक लिहायचा, पाइप सावलीत ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एकाच तापमानाला मोजायचे. या अटीवर लाइनवर बरीच कुरकुर झाली. पाइप बाहेर पडला की तिथल्या तिथे टेप लावून रजिस्टरमध्ये लिहायची तिथली पद्धत होती, आणि रजिस्टर दिवसरात्र ११०.२३ ते ११०.३० च्या आत होतं. त्यांच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नव्हतं.

गार पाइप मोजले तेव्हा चित्र वेगळं दिसलं.

प्रत्येक गटातला मोठा वजा छोटा, म्हणजे पल्ला, काढला. त्याची सरासरी ०.०९३ आली. पाचच्या गटासाठी तिला २.३२६ ने भागायचं, उत्तर ०.०४. म्हणजे मॅनेजरचा आकडा गटांच्या आतल्या चढउतारापुरता खरा होता. सलग पाच पाइपमध्ये यंत्र एवढंच हलतं. पण सगळे १२५ आकडे एकत्र टाकून प्रमाण विचलन काढलं तर ते ०.०८ आलं, बरोबर दुप्पट. सरासरी ११०.१६. १२५ पैकी ३ पाइप ११०.०० च्या खाली गेले होते आणि तिन्ही दुपारी दोन आणि चारच्या गटांतले.

आता पावलं मोजू. सरासरीपासून जवळचा काठ खालचा, अंतर ०.१६. ०.०४ च्या पावलाने मोजलं तर ४ पावलं, सीपीके १.३३. ०.०८ च्या पावलाने मोजलं तर २ पावलं, पीपीके ०.६७. आणि सरासरी मधोमध असती असं मानून, ०.०४ च्या पावलाने मोजलं तर ५, सीपी १.६७. सीपी, सीपीके आणि पीपीके हे क्षमतेचे निर्देशांक सिग्मा पातळीचेच तिसरे हिस्से आहेत. पातळीला तीनने भागा, निर्देशांक मिळतो. एकाच लाइनचे, त्याच १२५ पाइपचे चार आकडे : ०.०४, ५, ४, २. यातला कुठलाही खोटा नाही. फॉर्मवर मात्र रकाना एकच.

इथे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणतात, खुर्चीत पुढे सरकले. “मग चार आहेच की. चार लिहून देऊ, मागितलंय तेच.” कागदावर ते चाललंही असतं. छोट्या मुदतीचा, म्हणजे गटांतल्या चढउताराचाच, विचार करून काढलेली सिग्मा पातळी ४ हे अनेक ठिकाणी स्वीकारतात. मी त्यांना फॉर्मच्या मागे छापलेला तक्ता दाखवला. त्यात सिग्मा पातळी ४ समोर दर दहा लाखांत ६,२१० दोष असं होतं. मग आपल्या आकड्यांवरून हिशोब केला. खालच्या काठापर्यंत २ पावलं, म्हणजे २.२८ टक्के पाइप खाली. वरच्या काठापर्यंत ०.२४, म्हणजे ३ पावलं, ०.१३ टक्के पाइप वर. मिळून २.४१ टक्के, दहा लाखांत सुमारे २४,१००. तक्त्याच्या जवळजवळ चौपट. १२५ मध्ये ३ हाच आकडा पाइप मोजूनही आला होता.

हा फरक कुठून आला ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तक्ता पाहून बरेच जण इथे फसतात. सहा पावलं दूर असलेल्या काठापलीकडे, प्रक्रिया मधोमध आणि स्थिर असेल तर, दोन्ही बाजू मिळून शंभर कोटींत दोनच तुकडे जातात. मग सिक्स सिग्मामध्ये दहा लाखांत ३.४ कसे? कारण तो तक्ता गृहीत धरतो की दीर्घ मुदतीत सरासरी एका बाजूला दीड पावलाने सरकते, आणि मोजणी ४.५ पावलांवरून होते. तसंच ४ ची मोजणी २.५ वरून होते आणि ६,२१० येतात. न सरकता, मधोमध, ४ ला दोन्ही बाजूंनी फक्त ६३ आले असते. हे दीड पाऊल हा एक ठरवून घेतलेला संकेत आहे. निसर्गनियम नाही. जळगावच्या या लाइनवर गटांतल्या आणि एकूण पातळीतला फरक दीड नव्हता, दोन होता. दुसऱ्या कारखान्यात तो अर्धाही असेल. हातात स्वतःचे दीर्घ मुदतीचे आकडे असताना छापील दीड वजा किंवा अधिक करत बसणं मला पटत नाही. काही जण दीर्घ मुदतीच्या २ मध्ये दीड मिळवून ३.५ लिहितात. तेही चालतं, पण मिळवले आहेत हे लिहायला हवं, आणि ते कोणी लिहीत नाही.

याहून मोठी अडचण वेगळी होती. गटांच्या सरासऱ्या आलेखावर मांडल्या. नियंत्रण मर्यादा, म्हणजे फक्त गटांतल्या ०.०४ च्या चढउताराने सरासरी जिथवर हलू शकते त्या हद्दी, आल्या ११०.११ ते ११०.२१. २५ पैकी १५ गट बाहेर. पहाटेचे गट ११०.२६ पर्यंत वर, दुपारचे ११०.०५ पर्यंत खाली, दोन्ही दिवस तीच लाट. वॉल्टर शूहार्टने मे १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असा पहिला नियंत्रण आलेख मांडला तो याच प्रश्नासाठी : प्रक्रिया स्थिर आहे का? स्थिर नसलेल्या प्रक्रियेची सिग्मा पातळी सांगणं म्हणजे चालत्या माणसाला विचारणं की विहिरीपासून किती पावलांवर उभा आहेस. म्हणून शेठना म्हटलं, आज ४ ही नको, २ ही नको. आधी ही लाट कसली ते शोधू.

लाट सूर्याबरोबर येत होती. जळगावचा एप्रिल ज्याने सोसला आहे त्याला हे सांगायला नको. व्हॅक्यूम टँक (जिथे गरम पाइप व्हॅक्यूमने बाहेरच्या साच्याला ओढून त्याचा व्यास ठरतो) आणि पुढच्या कूलिंग टँकचं पाणी शेडबाहेरच्या उघड्या सिमेंटच्या टाकीतून फिरत होतं. टाकी दिवसभर उन्हात. मी इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन कटरपाशी उभा राहिलो. पहाटे सहाला पाइप ३३ अंशांवर बाहेर येत होता, दुपारी तीनला ५० अंशांवर. पीव्हीसी दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०७ मिमी प्रसरण पावतं, म्हणजे ११० मिमी व्यासाला एका अंशाला ०.००७७ मिमी. दुपारचा पाइप ५० वरून २७ अंशांवर आला की तो ०.१८ ने आकसतो, पहाटेचा फक्त ०.०५ ने.

आणि नाना टेप लावत होते गरम पाइपला. त्यांचं काम चोख होतं. गरम पाइप ११०.२५ च्या आसपास दिवसभर धरून ठेवायचा, वर गेला की व्हॅक्यूम थोडा कमी, खाली गेला की जास्त. त्यामुळे रजिस्टरात एक सरळ रेघ. पण दुपारी ११०.२५ वाचलेला पाइप गार होऊन ११०.०७ व्हायचा. लाटेचा निम्म्याहून जास्त भाग एवढ्याने समजतो. बाकीचा भाग व्हॅक्यूमच्या व्हॉल्व्हवरचा हात होता. प्रत्येक वाचनाला थोडं फिरवायचं, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ०.०४ च्या थरथरीवर आपली थरथर चढवायची.

नानांना हे सांगताना मला जड गेलं. वीस वर्षं जे जपलं तेच पाइप हलवत होतं. त्यांनी काही न बोलता दुपारचा एक पाइप उचलला, टेप लावली, हौदात बुडवला, चहा घेतला, पुन्हा टेप लावली. ११०.२६ आणि ११०.१०. दोन्ही वाचनं रजिस्टरच्या समासात लिहिली आणि विचारलं, “आते मोजायचं कसं, ते सांगा.”

केलं ते एवढंच. वाचनासाठी हातभर तुकडा कापायचा, २७ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा, मग टेप. एप्रिल-मे मध्ये २७ अंशांचं पाणी नळातून मिळत नाही, म्हणून बादलीत माठाचं पाणी मिसळून थर्मामीटर लावून जुळवायचं. हे काम रात्रपाळीच्या पोराने फार निगुतीने केलं. दुसरं, दर दोन तासांच्या पाच तुकड्यांची सरासरी नियंत्रण मर्यादेबाहेर गेल्याशिवाय व्हॅक्यूमला हात नाही. तिसरं, टाकीवर पत्र्याचं छप्पर आणि पाण्याच्या फेऱ्यात एक जुना कूलिंग टॉवर, जो शेडमागे पडून होता. नवा चिलर घ्यायचा खर्च शेठना परवडणारा नव्हता.

मधोमध आणण्यावर मात्र शेठ अडले. सरासरी ११०.१६ होती ती ‘माल वाचावा’ म्हणून मुद्दाम खाली ठेवलेली. ११०.१९ केलं तर रेझिन, म्हणजे पीव्हीसीचा कच्चा माल, किती जास्त जाईल? कागदावर हिशोब केला. भिंतीची जाडी तीच राहिली तर वजन व्यासाबरोबर वाढतं, म्हणजे भिंतीच्या मध्यावरच्या १०६-१०७ मिमी व्यासात ०.०३ मिमी : साधारण ०.०३ टक्के. सहा मीटरचा साडेतीन मिमी जाडीचा पाइप दहा किलोच्या आसपास भरतो. वाढ ३ ग्रॅम. रेझिन वाचतं ते जाडीत, व्यासात नाही. शेठनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

मेच्या शेवटी, ऊन तसंच असताना, पुन्हा २५ गट घेतले. गटांतलं प्रमाण विचलन ०.०४ च राहिलं. ते राहणारच होतं, कारण यंत्रात काही बदललं नव्हतं. एकूण प्रमाण विचलन ०.०८ वरून ०.०५ वर आलं. सरासरी ११०.१९. खालच्या काठापर्यंत ०.१९, म्हणजे गटांतल्या पावलाने ४.७५ आणि एकूण पावलाने ३.८, पीपीके १.२७. मर्यादेबाहेर ३ गट, तिन्ही दुपारचे. पूर्ण स्थिर म्हणता येणार नाही, पण या आकड्यांवर अंदाज दहा लाखांत शंभराच्या आत येतो, चोवीस हजारांच्या जागी.

फॉर्म भरताना आम्ही ‘सिग्मा’ रकाना उभ्या रेघांनी चार भागांत तोडला. गटांतलं प्रमाण विचलन ०.०४ मिमी. एकूण प्रमाण विचलन ०.०५ मिमी. जवळच्या मर्यादेपर्यंत सिग्मा पातळी, गटांतल्या विचलनावर ४.७५, एकूण विचलनावर ३.८, दीडची भर घातलेली नाही. खाली मोजलेल्या पाइपची संख्या, तारखा आणि मोजतानाचं तापमान. गिऱ्हाइकाच्या गुणवत्ता विभागातून फोन आला. त्या बाईंनी विचारलं, “इतर पुरवठादारांचा ४.८, ५.१ असा एकच आकडा आहे. तो यातला कुठला धरू?” मी म्हटलं, तो त्यांनाच विचारावा लागेल. त्यांनी पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना हेच चार भाग मागितले.

मॅनेजरने त्याच उत्साहात ९० मिमीच्या लाइनचाही हिशोब करून आणला. तिथे प्रमाण विचलन तेच ०.०४, सरासरीही मधोमध, पण पातळी ३.७५. “सर, ही लाइन खराब आहे का?” मानकात ९० मिमीला ९०.० ते ९०.३ एवढीच जागा आहे. पाऊल तेच, काठ जवळ. नाना मागे उभे होते, त्यांनीच उत्तर दिलं.

११० च्या लाइनवर ०.०४ खाली आणायचं असेल तर आता कॅलिब्रेटरच्या (व्यास ठरवणाऱ्या साच्याच्या) घासलेल्या स्लीव्हकडे बघावं लागेल. ती काढून मोजायचं दिवाळीच्या शटडाऊनला ठरलं आहे. तोवर समासात लिहिलेले ते दोन आकडे, ११०.२६ आणि ११०.१०, नानांनी रजिस्टरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात उतरवून ठेवले आहेत, पाळीवर येणाऱ्या नव्या पोरांसाठी.